एमिलचा डबा

एमिल साबोलला लाज कशी ती नाही, असं वेर्ना हुडाक एकतीस वर्षं सांगत आली होती, आणि ऐकणारे एकतीस वर्षं माना डोलवत आले होते. लाज असती तर तो दर शुक्रवारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये येऊन बायका विकत असलेल्या पिरोगींच्या, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्यांच्या, रांगेत उभा राहिला नसता. टोपी काढून हातात धरली नसती. "एक डझन बटाट्याचे, मिसेस हुडाक, आणि कांदा जरा सढळ हातानं," असं, जणू काही घडलंच नाही अशा आवाजात, मागितलं नसतं. आणि डबा हातात पडल्यावर "धन्यवाद" तर मुळीच म्हटलं नसतं. जिच्या पोराचं आयुष्य आपण हाताच्या एका इशाऱ्यानं पालथं केलं, त्या बाईच्या हातचे पिरोगी या माणसाच्या घशाखाली उतरतात तरी कसे?

रविवारीही तीच तऱ्हा. अर्धे बाक रिकामे असले तरी हा बसणार वेर्नाच्या बरोबर पुढं, आणि प्रवचनभर खोकणार.

पूर्वी त्याचं चर्च वेगळं होतं, नदीपलीकडं. ते बंद पडलं आणि दोन्ही काठांची माणसं एका छपराखाली आणली, त्याला आता अकरा वर्षं झाली. वेर्नानं तेव्हा बिशपला पत्र पाठवलं होतं. तिची शाळा आठवीत सुटलेली, शर्टांच्या कारखान्यात बाह्या शिवण्यात हयात गेलेली; म्हणून पत्र शेजारच्या इर्मानं लिहिलं आणि वेर्नानं सांगितलं, की सगळ्यांना घ्या, एक माणूस तेवढा सोडून. बिशपचं उत्तर आलं नाही. बिशपलाही लाज नाही, असं मग तिनं ठरवलं.

तर ऑक्टोबरमधला तो शुक्रवार. संध्याकाळी मैदानावर ब्रिकर्टनचा, म्हणजे गावच्या पोरांचा, अमेरिकन फुटबॉलचा सामना होता, म्हणजे सकाळपासून हॉलमध्ये पिरोगींची धांदल. बटाटे आदल्या दिवशीच सोलून, उकडून, चीज घालून मळून ठेवले होते. आता लांब टेबलाभोवती बायका बसून पारीत सारण भरत होत्या, कडा मुरडत होत्या. लिहायला वेर्नाचा हात चालत नसे, पण मुरड घालायला असा हात दोन्ही काठांवर नव्हता. तिचा पिरोगी उकळत्या पाण्यात कधी फुटला नाही. इतरांचे फुटत. फुटलेले ती झाऱ्यानं बाजूला काढायची, आणि ते कुठं जातात हे टेबलावरच्या प्रत्येकीला ठाऊक होतं. त्यांचा वेगळा डबा भरायचा, कोपऱ्यात पेनानं बारीकशी फुली मारायची, आणि अकरा वाजता एमिल आला की नेमका तोच डबा त्याच्या हाती जायचा. गेली अकरा वर्षं.

दहाच्या सुमाराला फादर रोमेल जिना उतरून आले. तरणे, हसतमुख, मूळचे मनिलाचे. गावात येऊन दोनच वर्षं झालेली.

"मिसेस हुडाक, थोडं बोलायचं होतं."

"बोला की. हात धुवा आणि बसा. बोलता बोलता चार भरून होतील."

फादरनी हात धुतले आणि बसले. "फुटबॉल क्लबचा लॅरी भेटला होता. सोमवारी एमिल कायमचे ओहायोला चाललेत, मुलीकडं. आजचा त्यांचा इथला शेवटचा सामना. क्लबच्या मनात आहे की सुरुवातीचं नाणं त्यांच्या हातून उडवावं. तीस वर्षं रेफरी होते, या सगळ्या भागात. पण लॅरी म्हणतो, तुमची ना आहे."

"माझी ना नाही," वेर्ना म्हणाली. "मी एवढंच म्हटलं, तो माणूस मैदानाच्या मधोमध उभा राहिला, तर हे साठ डझन पिरोगी मी मागच्या दारी कचऱ्याच्या पिंपात ओतीन. पुढं क्लबची मर्जी."

फादरच्या हातातला पिरोगी मुरडता मुरडता तिरका झाला. "एका निर्णयावरून एवढं?"

टेबलाभोवतीचे सगळे हात थांबले. इर्मानं तर पोळपाटावरचं लाटणंच उचललं. इर्मा वेर्नाची शेजारीण, जन्मापासूनची. तिला ही गोष्ट सांगायला कारण लागत नसे.

"फादर, इकडं बघा. हा बटाटा म्हणजे चेंडू. डॉली, धर. तू ग्रेग."

"मी का ग्रेग? माझा खांदा धरलाय."

"त्याचाही धरला होता नंतर. ऊठ! हां. तर फादर, नॉक्सबर्गशी सामना, त्र्याण्णव साल, हंगामातला शेवटचा. आपण चार गुणांनी पुढं. दीड मिनिट उरलेलं. आपला क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा, ग्रेग, वेर्नाचा ग्रेग, चेंडू घेऊन मागं आला, असा हात वर नेला... डॉली, हात वर ने!... आणि नॉक्सबर्गचा एक रेडा मागून आदळला." इर्मानं लाटणं डॉलीच्या कमरेत खुपसलं. डॉली ओरडली, बटाटा सुटला, घरंगळत फादरच्या बुटापाशी गेला.

"झालं!" इर्मा म्हणाली. "आता हा पास की फंबल?"

"मला काय माहीत," फादर म्हणाले. "आमच्याकडं सगळे बास्केटबॉल खेळतात."

"ते सोपं आहे, जाळीत पडला की पडला," वेर्ना म्हणाली. "इथं डोळे लागतात. हातात चेंडू असताना हात पुढं निघाला, की तो पास. खाली पडला तर वाया गेला, खेळ तिथंच थांबला, काही बिघडलं नाही. पण हात निघायच्या आधीच चेंडू सुटला असला तर ते फंबल. मग तो ज्याला सापडेल त्याचा."

"आणि ग्रेगचा हात पुढं गेला होता," इर्मा म्हणाली. "दोन हजार माणसांनी बघितला. म्हणून तर आपली पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहिली, पास वाया गेला म्हणून. तेवढ्यात नॉक्सबर्गच्या एका पोरानं चेंडू उचलला आणि बाजारातनं भाजी आणल्यासारखा चालत चालत शेवटच्या रेषेपार नेला, टचडाउन, सहा गुण. पाचही पंच मैदानात डोकी जुळवून उभे राहिले. त्यातला एक तर उघड म्हणत होता, पास होता. पण मुख्य कोण? एमिल साबोल! त्यानं टचडाउन मान्य म्हणून दोन्ही हात वर केले आणि आपण हरलो."

"दोन हजार माणसं केवढ्या अंतरावर होती?" फादरनी विचारलं.

"म्हणजे?"

"आणि एमिल केवढ्यावर?"

डॉलीनं खांदा चोळत हळूच म्हटलं, "चार पावलांवर होते. मला तर तेव्हाच जरासं वाटलं होतं की हात गेला खरा, पण त्यात..."

वेर्नानं तिच्याकडं नुसतं बघितलं.

"माझा चष्मा तेव्हा जुना होता," डॉली म्हणाली, आणि खाली बसून मुरड घालायला लागली.

"फादर," वेर्ना म्हणाली, "त्या दिवशी वर बाकावर कॉलेजचे प्रशिक्षक आले होते, माझ्या पोराला बघायला. निकाल लागला आणि ते उठून गेले. ग्रेगनं पुन्हा चेंडूला हात लावला नाही. तिकडं अ‍ॅरिझोनात लोकांच्या छपरावर थंडाव्याची यंत्रं बसवतो. नाताळला येतो, पण या दिवसांत गावात पाऊल टाकत नाही. मन मोडलं त्याचं. आणि ज्यानं मोडलं, त्यानं इतक्या वर्षांत एकदा, एकदा तरी, चुकलो म्हणावं?"

"तुम्ही त्यांना कधी विचारलंत?"

"रेफरी बाहेर बोलत नसतात. तेवढाच त्यांना आडोसा."

एवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. इर्मानं उचलला, ऐकलं, आणि हातभर लांब धरला. "वेर्ना, ग्रेग आहे. इथं! फोनवर, म्हणजे."

वेर्नानं पिठाच्या हातानंच तो घेतला. हॉलच्या फोनची तार लांब होती. बायका बोलायचं काही असलं की ती ओढत कोठीघरात जायच्या. वेर्नाही गेली, कांद्यांच्या पोत्यांत उभी राहिली, पाठीनं दार लोटलं.

"आई, मोबाइल उचलत नाहीस."

"हाताला पीठ आहे. लवकर बोल."

"लॅरीचा फोन आला होता. एमिलना तू मैदानात येऊ देत नाहीस म्हणे."

"मग काय, ओवाळू त्याला?"

पलीकडं ग्रेग थोडा थांबला. पोरगा आता अठ्ठेचाळीसचा होता, पण थांबायची पद्धत तीच, लहानपणापासूनची. आईला आधी पुरतं बोलू द्यायचं.

"आई, सामन्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ आठवते? शनिवारची?"

"कसली सकाळ?"

"मी बरगडीला बर्फ लावून बसलो होतो. तू अंडी तळत होतीस. मी तुला दोन गोष्टी सांगायला बसलो होतो. पहिली सांगितली आणि तू मला गप्प केलंस."

वेर्नाला ती सकाळ आठवत होती. ती विसरलीच कधी नव्हती. तव्यावर लोणी करपत होतं, आणि पोरगा खाली मान घालून म्हणाला होता, "आई, चेंडू आधीच सुटला होता. हात गेला तेव्हा हातात काही नव्हतं." आणि ती कालथा घेऊन वळली होती. "खबरदार! डोक्याला मार लागलाय तुझ्या. असलं काही बाहेर बोललास तर या घराचं तोंड काळं होईल. तो पास होता. सगळ्या गावानं बघितलाय." पोरगा म्हणाला, "आणखी एक आहे." तिनं ताटली आपटून म्हटलं, "आणखी काही नकोय मला."

मग ती घराबाहेर पडली होती आणि दुकानात, चर्चमध्ये, पोस्टात, जो भेटेल त्याला पास होता, पास होता, म्हणून सांगत सुटली होती. जितकं आत टोचायचं तितका आवाज वर. गाव आधीच तापलेलं. त्याला आई म्हणते तेच पुरेसं होतं.

"दुसरी काय होती?" ती म्हणाली.

"मी खाली पडलो होतो तेव्हा एमिल वाकून विचारत होते, ठीक आहेस ना. मी म्हटलं, सर, चेंडू सुटला होता. माझ्या तोंडून निघून गेलं. ते म्हणाले, हे मी तुला विचारलेलं नाही. आणि गेले बाकीच्यांकडं. त्यांनी पाहिलं होतंच, आई. पण एक जण पास म्हणत होता. मग त्यांनी हात वर केले."

"म्हणजे तू..."

"सामना संपल्यावर ते बसपाशी आले. म्हणाले, तू बोललास ते माझ्यापाशी राहील. तुला या गावात राहायचंय. मी नदीपलीकडं राहतो, शिव्या पूल ओलांडून येईपर्यंत थंड होतात." ग्रेग हसला, पण हसणं मधेच तुटलं. "मी गाव सोडलं ते हरलो म्हणून नाही. तू दर घरी जाऊन त्या माणसाला बोलायचीस, आणि मी जेवणाच्या टेबलाला मुकाट बसायचो. ते बघवेना. माझीही हिंमत नव्हती. आता वाटेल त्याला सांग. माझं नाव घालून सांग. निदान तू सांग. माझं तेव्हा तू ऐकलं नाहीस."

फोन ठेवायला हात वर गेला, पण भिंत दाराच्या त्या बाजूला होती. वेर्ना तशीच उभी राहिली. कांद्याच्या वासानं डोळे चुरचुरले म्हणावं, तर तिचे डोळे कांद्याला साठ वर्षांपूर्वीच सरावले होते.

तिला अ‍ॅग्नेस आठवली. एमिलची बायको. सहा वर्षांपूर्वी, मार्चमध्ये गेली. गावात कुणाचंही गेलं की हॉलमधल्या बायका चूल पेटवतात, तीन दिवस त्या घराला स्वयंपाक करावा लागत नाही; वेर्नानं स्वतः किती पातेली वाहून नेली असतील. अ‍ॅग्नेसच्या वेळी इर्मानं विचारलं होतं, "काय करायचं?" आणि वेर्ना म्हणाली होती, "गॅस संपलाय." गॅस भरलेला होता. त्या आठवड्यात शुक्रवारी एमिल आला, रांगेत उभा राहिला, एकट्यासाठी अर्धाच डझन मागितला. तिनं दिला. फुलीचा. त्यानं धन्यवाद म्हटलं.

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. म्हातारपणी माणसाला असं लहान पोरासारखं गरम व्हावं लागतं, हे तिला नवीन होतं.

ती बाहेर आली तेव्हा रांग लागली होती आणि इर्मा खिडकीपाशी डबे देत होती. एमिलचा डबा नेहमीच्या कोपऱ्यात तयार होता, फुलीसकट. वेर्नानं झाकण उघडलं. बारा पिरोगी, बाराही फाटलेले, बटाटा बाहेर आलेला, पाणी शिरलेलं. तिनं ते पिंपात टाकले. नवा डबा घेतला, स्वतःच्या हातचे बारा निवडले, वर लोण्यात परतलेला कांदा दोन डाव घातला, तिसराही घातला.

इर्मा पुटपुटली, "हा कुणाला गं?"

"तुझं तू बघ."

तिच्या मनात एवढंच होतं की चांगला डबा द्यावा, संध्याकाळी लॅरीला हो म्हणावं, आणि सोमवारी हा माणूस ओहायोला जाईल. सगळं आपोआप मिटेल. कुणाला काही कळायचं कारण नाही. ती हे मनात घोळवत होती आणि स्वतःच्याच मनाची तिला किळस येत होती, तरी घोळवत होती.

एमिल खिडकीपाशी आला. एकोणऐंशीचा, वाळलेला, टोपी हातात. "एक डझन बटाट्याचे, मिसेस हुडाक, आणि कांदा जरा—"

"घातलाय," वेर्ना म्हणाली आणि डबा पुढं केला.

त्यानं तो घेतला. वजन जास्त लागलं असावं. त्यानं कोपरा बघितला, मग दुसरा कोपरा, मग डबा अदबीनं परत खिडकीत ठेवला.

"चुकून दुसऱ्याचा आला, मिसेस हुडाक. माझ्या डब्यावर फुली असते."

इर्माच्या हातातला डाव पातेल्यात पडला. डॉली खाली बघायला लागली. रांगेतल्या दोघातिघांना काय झालं ते कळेना, पण बायकांचे चेहरे बघून तेही माना उंचावून बघायला लागले. मागं फादर रोमेल, हाताला पीठ लागलेले, तसेच उभे.

"तुम्हाला माहीत होतं?" वेर्ना म्हणाली.

"फुटलेले मला चालतात," एमिल म्हणाला. "लोणी आतपर्यंत जातं." आणि तो खरंच हसला, वाईट काही नाही अशा हसण्यानं. तो टोमणा असता तर वेर्नाला बरं वाटलं असतं. टोमण्याला तिच्याजवळ नेहमी उत्तर असे.

तिनं अ‍ॅप्रन सोडला. खिडकीच्या बाजूची फळी उचलली आणि बाहेर आली. हॉल तिच्या ताब्यात आल्यापासून गिऱ्हाइकासाठी ती कधी बाहेर आली नव्हती. बिशप आले होते तेव्हासुद्धा आतूनच बोलली होती. रांग मागं सरकली.

"राहू द्या हो," एमिल हळू आवाजात म्हणाला. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं होतं. "लोक खोळंबलेत. पोराचं नाव कशाला."

"पोरानंच सांगितलंय घ्यायला," ती म्हणाली. मग तिनं आवाज मोठा केला. एकतीस वर्षं ज्या आवाजात ती बोलत आली होती, तोच. दुसरा तिला येत नव्हता.

"एमिल साबोल, ऐक, आणि बाकीच्यांनीही कान देऊन ऐका, कारण मी हे परत सांगायची नाही. तो चेंडू सुटला होता. हात पुढं गेला, पण रिकामा गेला. ग्रेगनं तुला तिथं मैदानात सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात. मी त्याला गप्प केलं आणि तुझ्या नावानं दारोदार हिंडले. तू पोराला झाकलंस, आणि मी तुला फुटके खायला घातले. अ‍ॅग्नेस गेली तेव्हा गॅस संपला नव्हता. तो डबा उचल, तुझाच आहे. संध्याकाळी मधोमध उभा राहा आणि नाणं उडव. मी पहिल्या बाकावर बसेन, आणि ज्याला बघायचं त्यानं माझ्याकडं बघावं. मी सगळ्यांना सांगत आले की तुला लाज नाही. लाज तुला होती, एमिल. नव्हती ती मला."